फिर्याद कोणी करायची?

१९२८ सालच्या जून महिन्यात हिंदुस्थान सरकारने संमतिवयाच्या कायद्याची तपासणी करण्यासाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद अमरावतीचे वकील सर मोरोपंत विश्वनाथ जोशी यांना दिले. मोरोपंत नेमस्त विचारांचे होते. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात त्यांनी गृहखाते सांभाळले होते आणि १९२५ साली ते नॅशनल लिबरल फेडरेशनचे अध्यक्ष झाले होते. समितीत रामेश्वरी नेहरू आणि डॉ. बीडन या दोन स्त्रिया होत्या. ज्या विषयावर तोवर प्रामुख्याने पुरुषांनीच वाद घातला, त्यावर या समितीपुढे बायकांच्याही साक्षी झाल्या. १९२९ साली अहवाल सादर झाला. आज तो बालविवाहबंदीच्या इतिहासातल्या एखाद्या तळटीपेपुरता उरला आहे. तो त्याहून फार मोलाचा आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण आजच्या कायद्यात सापडते. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या आपल्या कायद्याचा दीडशे वर्षांहून जास्त काळाचा इतिहास पाहिला, तर कायदेमंडळांनी वयाचा आकडा वाढवत नेला आणि शिक्षेची वर्षे वाढवत नेली, असे दिसते. ज्या मुलाच्या नावाने हे सगळे झाले, त्याचे गाऱ्हाणे ठाण्यापर्यंत नेणार कोण, त्याचे वय सिद्ध करणार कशाने, हा भाग दर वेळी मागे पडला. अमरावतीच्या या वकिलाच्या समितीला ते दिसले होते. तिचे आकडे हळूहळू स्वीकारले गेले, तिची यंत्रणा मात्र बरीच वर्षे कोणी उभी केली नाही, आणि त्याची किंमत मुलींनी मोजली.

मागची हकीगत थोडक्यात सांगायला हवी. १८६० च्या दंडसंहितेने दहा वर्षांखालच्या मुलीशी केलेला संभोग, तो नवऱ्याने केलेला असला तरी, बलात्कार ठरवला होता. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली, आणि तिने दहा वर्षे ओलांडली होती म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा आरोप टिकला नाही. त्यानंतर सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि मार्च १८९१ मध्ये ही मर्यादा बारा वर्षांवर गेली. महाराष्ट्रात या विधेयकावरून टिळक आणि आगरकर समोरासमोर आले, हे सर्वश्रुत आहे. आगरकरांचा वऱ्हाडशी संबंध जवळचा. ते अकोल्याच्या शाळेतून १८७५ साली मॅट्रिक झाले आणि तिथे त्यांना विष्णू मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरुजन लाभले. 'सुधारका'तून त्यांनी विधेयकाची बाजू घेतली. टिळकांची हरकत मात्र निव्वळ सनातनी म्हणून झटकून टाकता येत नाही. परक्या सरकारचा पोलीस घरात शिरेल, नवराबायकोच्या खोलीची चौकशी करील, आणि जी सुधारणा समाजाने स्वतः करायची ती दंडुक्याने होईल, असा त्यांचा मुद्दा होता. मुलींची लग्ने सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही असे बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, असेही त्यांनी सुचवले होते. पण पुढे घडले ते या भीतीच्या उलट. पोलीस घरात शिरला नाहीच, उलट त्याला दाराशीच थोपवण्याची तरतूद झाली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६१ व्या कलमाने आरोपी नवरा असेल तर अशा गुन्ह्याची दखल फक्त जिल्हा मॅजिस्ट्रेटने किंवा इलाख्याच्या शहरातल्या मुख्य मॅजिस्ट्रेटने घ्यायची, आणि इन्स्पेक्टरच्या खालच्या अंमलदाराने तपास करायचा नाही, असे ठरवले. धारणीकडच्या किंवा मूर्तिजापूरकडच्या एखाद्या गावात अकरा वर्षांच्या मुलीवर असा प्रसंग आला, तर तिची बाजू घेऊन जिल्ह्याच्या साहेबापर्यंत जाणारे माणूस कोण असणार होते? आई, बाप, सासू, सासरा, गावचा पाटील, सगळे त्या लग्नाला हजर होते.

वऱ्हाडात याला आणखी एक गाठ होती. हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली असला तरी कायद्याच्या नजरेत तो निजामाचा होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांकडे आला, १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला, पण निजामाचे नाममात्र स्वामित्व संपले नाही. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानासाठी दिल्लीत झालेला कायदा अमरावती-अकोल्यात आपोआप चालत नसे. तो इथे लागू करायला वेगळी अधिसूचना निघावी लागे. कितीतरी केंद्रीय कायदे एकत्रितपणे इथे आणण्यासाठी १९४१ साली स्वतंत्र 'बेरार लॉज अॅक्ट' करावा लागला. ही बाब तांत्रिक वाटेल, पण कायदा कागदावर असणे आणि तो आपल्या गावात चालू आहे हे लोकांना ठाऊक असणे यांत किती अंतर असते, याचा अनुभव वऱ्हाडच्या वकिलांना इतरांपेक्षा जास्त होता. मोरोपंतांच्या अहवालात कायद्याच्या प्रसिद्धीवर एवढा भर आहे, त्यामागे ही पार्श्वभूमी असावी, असा माझा तर्क आहे.

१९२५ साली संमतिवय पुन्हा वाढले होते. नागपूरचे वकील डॉ. हरिसिंग गौर यांनी केंद्रीय कायदेमंडळात लावून धरलेल्या विषयाला सरकारने हात घातला आणि मर्यादा लग्नात तेरा, लग्नाबाहेर चौदा अशी केली. जोशी समितीने गावोगावच्या साक्षी घेतल्या तेव्हा हा बदल फारच थोड्यांना माहीत असल्याचे आढळले. वकिलांना ठाऊक होता, खेड्यांना नव्हता. माहीत असूनही कोणी फिर्याद करत नाही, कारण गुन्हा घरातला आणि साक्षीदारही घरातलेच. आणि फिर्याद झालीच तरी मुलीचे वय सिद्ध होत नाही, कारण जन्माची भरवशाची नोंद नाही. हे तीन निष्कर्ष समितीने स्पष्ट मांडले. तिच्या शिफारशी त्यांतूनच आल्या. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा असावे, संमतिवय लग्नात पंधरा आणि लग्नाबाहेर अठरा असावे, हे तिचे आकडे. त्याच्या जोडीला प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक लग्नाची नोंद सक्तीने व्हावी आणि कायदा देशी भाषांतून लोकांपर्यंत न्यावा, अशी मागणी होती. अठरा हा आकडा त्या काळी अतिरेकी वाटला असेल, पण तो हवेतून आलेला नव्हता. मुलींची वेश्याव्यवसायासाठी खरेदी-विक्री करण्याविरुद्धच्या दंडसंहितेतल्या ३७२ आणि ३७३ या कलमांत वयाची मर्यादा १९२४ सालीच सोळावरून अठरावर गेली होती. बाजारात विकली जाणारी मुलगी सतराव्या वर्षी बालक आहे असे कायदा मानत होता. घरात किंवा शेताच्या बांधावर तिच्यावर हात टाकणाऱ्यापुढे मात्र तीच मुलगी चौदाव्या वर्षी मोठी होत होती. समितीने ही विसंगती दूर करायला सांगितले.

समितीची एक चूकही सांगितली पाहिजे, कारण तिचे परिणाम फार लांबपर्यंत गेले. नवऱ्याच्या गुन्ह्याला 'बलात्कार' म्हणू नये, त्याला 'वैवाहिक गैरवर्तन' असे सौम्य नाव द्यावे, म्हणजे लोक फिर्यादीला तयार होतील, असा तिचा हिशेब होता. फिर्याद व्हावी हा हेतू प्रामाणिक होता, यात मला शंका नाही. पण मुलीच्या शरीराला होणारी इजा गुन्हेगाराच्या नात्यावरून हलकी-भारी ठरवायची, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. १९४९ साली स्वतंत्र भारताच्या कायदेमंडळाने लग्नातली मर्यादा पंधरा केली तेव्हा तो जोशी समितीचाच आकडा होता, आणि तो २०१७ पर्यंत तसाच राहिला. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मदन लोकुर आणि न्या. दीपक गुप्ता यांनी 'इंडिपेंडंट थॉट' खटल्यात नवऱ्याला मिळणारी ही सवलत अठरा वर्षांखालील पत्नीच्या बाबतीत रद्दबातल ठरवली. लग्नाबाहेरचा अठराचा आकडा त्याआधी २०१२ मध्ये आला. म्हणजे समितीने सुचवलेल्या दोन आकड्यांपैकी जो कमी संरक्षण देणारा होता तो वीस वर्षांत स्वीकारला गेला आणि सत्तर वर्षांच्या आसपास टिकला. जो जास्त संरक्षण देणारा होता त्याला ८३ वर्षे लागली.

नोंदीचा मुद्दा वऱ्हाडातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. आजही जातवैधता प्रमाणपत्रासाठी तहसिलीत 'कोतवाल बुकाची नक्कल' मागायला रांगा लागतात. गावात मूल जन्मले की कोतवालाने ते वहीत लिहायचे आणि ती वही वर पाठवायची, ही इकडची जुनी व्यवस्था. पण बारशाआधीच नोंद होत असल्यामुळे कितीतरी ठिकाणी नाव नसते. अमक्याला मुलगी झाली, एवढेच असते. त्याच घरात चार मुली झाल्या तर ती नोंद कोणाची, हे वीस वर्षांनी कोणी सांगायचे? जात सिद्ध करायला बापाचे नाव पुरते, वय सिद्ध करायला मुलीचे नाव लागते. जन्ममृत्यूची नोंद सक्तीची करणारा देशव्यापी कायदा १९६९ मध्ये आला. सर्व लग्नांची नोंद सक्तीची करा, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना फेब्रुवारी २००६ मध्ये सांगितले. महाराष्ट्राने आपला विवाहनोंदणी कायदा १९९८ सालीच केला होता, पण गावातल्या लग्नसराईत त्या कायद्याची आठवण किती जणांना होते, हे ग्रामपंचायतीतल्या कोणालाही विचारून पाहावे.

१९२९ साली कायदेमंडळाने काय केले? अजमेरच्या हरबिलास सारडा यांचे विधेयक १९२७ पासून पडून होते. जोशी समितीच्या अहवालानंतर ते पुढे सरकले आणि मुलीसाठी चौदा, मुलासाठी अठरा हे वय मंजूर झाले. आपल्याकडे त्याला शारदा कायदा म्हणू लागले. तो १ एप्रिल १९३० पासून अमलात यायचा होता, आणि त्या मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची अशी घाई झाली की १९३१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांखालच्या विवाहित मुलींची संख्या दहा वर्षांपूर्वीच्या सुमारे ८५ लाखांवरून १ कोटी २० लाखांच्या वर गेलेली दिसली. आकडा स्वीकारला गेला, पण दार कसे ठेवले ते पाहा. गुन्हा अदखलपात्र. पोलिसाला स्वतःहून काही करता येत नव्हते. कोणीतरी कोर्टात जाऊन खासगी फिर्याद करायची, तीही वर्षाच्या आत. आणि फिर्याद खोटी ठरली तर आरोपीला भरपाई देता यावी म्हणून फिर्यादीकडून शंभर रुपयांपर्यंतचा जामीन घ्यायचा. शंभर रुपये म्हणजे त्या वेळी शेतमजुराची कित्येक महिन्यांची मजुरी. कपाशी वेचणाऱ्या बाईला शेजारच्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी कोर्टात उभे राहायचे असेल, तर आधी एवढी रक्कम पणाला लावायची होती. आपण आज म्हणतो की समाजाला तो कायदा नको होता म्हणून तो चालला नाही. त्यात तथ्य आहे. पण ज्यांना हवा होता त्यांनाही तो वापरता येणार नाही अशी त्याची रचना होती, हेही तितकेच खरे आहे. लग्न थांबवण्याचा मनाईहुकूम देण्याची सोय १९३८ साली झाली आणि पोलिसांना तपासापुरता तरी हात घालण्याची मुभा थेट १९७८ साली मिळाली.

इथे एक आक्षेप येईल. बालविवाह ही रूढी होती आणि बाललैंगिक अत्याचार हा गुन्हा आहे. दोन्हींची सरमिसळ केल्याने इतिहासावर अन्याय होतो, त्या काळचे आईबाप काही आपल्या मुलींचे वैरी नव्हते. आईबाप वैरी नव्हते हे मला मान्य आहे. पण कायद्याचा प्रश्न हेतूचा नसून मुलीच्या शरीराचे काय झाले याचा आहे, आणि फुलमणीच्या शरीराचे जे झाले ते रूढीने झाले म्हणून कमी झाले नाही. शिवाय घर ही सुरक्षित जागा आणि धोका बाहेरचा, ही आपली समजूत या जुन्या व्यवस्थेनेच पोसली. मुलावर अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो, नात्यातला, शेजारचा, शाळेतला. ज्यांच्यावर मूल अवलंबून आहे त्यांच्याविरुद्ध ते बोलू शकत नाही, ही अडचण १८९१ सालच्या मुलीची होती तशी आजच्या मुलाचीही आहे. म्हणून या दोन्हींचा इतिहास एकत्र वाचणे मला अपरिहार्य वाटते.

नोंद नसली की काय होते ते देसाईगंजच्या खटल्याने दाखवले. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर ठाण्यातल्याच शिपायांनी अत्याचार केल्याचा तो खटला. संमतिवय तेव्हा सोळा होते. डॉक्टरांनी मुलीचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगितले. सत्र न्यायाधीशांनी ती सोळाखालची असल्याचा समाधानकारक पुरावा नाही असे ठरवले आणि तिथून सगळा खटला तिच्या संमतीवर घसरला. जन्माचा एक खात्रीचा दाखला असता तर संमतीचा प्रश्न उभाच राहिला नसता. खालच्या कोर्टाने आरोपींना सोडले, १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, हा त्या निकालाचा आधार होता. एक वर्षाने उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवरील अत्याचाराला वेगळी, कडक शिक्षा झाली, पीडितेचे नाव छापायला बंदी आली. ज्या मुलीमुळे ही बंदी आली, तिचे नाव मात्र आजही खटल्याच्या नावासारखे सर्रास वापरले जाते. मी ते इथे मुद्दाम टाळले आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याविषयी बोलताना बहुतेक वेळा शिक्षेचा उल्लेख होतो, त्यातही २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या फाशीचा. माझ्या मते त्याचे खरे वेगळेपण १९ व्या आणि २१ व्या कलमात आहे. मुलावर असा गुन्हा झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे, न कळवणे हा गुन्हा आहे, आणि तो संस्थेचा प्रमुख असेल तर शिक्षा जास्त. मुलाला मात्र ही शिक्षा लागू नाही, असे कलमात स्पष्ट लिहिले आहे. शंभर रुपयांच्या जामिनापासून इथवर येणे हा सव्वाशे वर्षांतला सर्वांत मोठा पालट आहे. फिर्यादीचा भार प्रथमच मुलावरून मोठ्यांवर आला. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा, कोर्टात उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशामार्फत जायचे, आरोपी मुलाच्या नजरेस पडू द्यायचा नाही, हे सगळे त्याच विचाराचे भाग आहेत. मुलांमध्ये मुलगेही आले, हेही विसरता कामा नये. १८६० पासूनचे सगळे कायदे मुलीच्या संमतीविषयी बोलत होते. मुलग्यावर होणाऱ्या अत्याचाराला त्यांत स्वतःचे नाव नव्हते.

तरीही शब्द कायद्यात असले म्हणजे काम झाले असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने, ज्याच्या कक्षेत अमरावती आणि अकोला येतात, नागपूरच्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात असे म्हटले की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पोक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही, त्वचेला त्वचा लागली पाहिजे. देशाचे तेव्हाचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल स्वतः या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र सरकारही गेले. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्या. उदय लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांनी तो निकाल फिरवला आणि स्पर्शामागचा लैंगिक हेतू हाच कसोटीचा मुद्दा असल्याचे सांगितले. देसाईगंजला जखमा शोधल्या गेल्या होत्या, इथे कातडी शोधली गेली. मधल्या काळात कायदा बदलला होता, पुरावा मुलाच्या शरीरावरच सापडला पाहिजे ही सवय बदलली नव्हती. एवढे खरे की या वेळी चूक दहा महिन्यांत दुरुस्त झाली.

पोक्सोवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने एखाद्या मुलाबरोबर जाते, जात वेगळी असते किंवा घरच्यांना पसंत नसते, आणि बाप ठाण्यात जाऊन पोक्सो लावतो. मुलगा वर्षानुवर्षे तुरुंगात राहतो. अशी प्रकरणे विदर्भातही आहेत आणि त्यांत अन्याय होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यावर उपाय म्हणून अठराचा आकडा सरसकट खाली आणावा, हे मला पटत नाही. तसे केले तर सतरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्या शिक्षकाला, मुकादमाला, काकाला संमतीची पळवाट पुन्हा मिळेल, आणि देसाईगंजचा तोच वाद पुन्हा उभा राहील. विधि आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय कमी न करता, सोळा ते अठरा वयातल्या परस्परसंमतीच्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत विवेकाधिकार द्यावा असे सुचवले, ते मला अधिक योग्य वाटते. दोघांच्या वयातले अंतर आणि एकाचा दुसऱ्यावर असलेला अधिकार पाहूनच गुन्हा ठरला पाहिजे. दुसरा आक्षेप सक्तीच्या कळवण्यावर आहे. गरोदर राहिलेली मुलगी पोलिसांच्या भीतीने दवाखान्यातच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या खटल्यात यावर वाट काढली. मुलीची आणि तिच्या पालकांची विनंती असेल तर डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. म्हणजे कर्तव्य तसेच ठेवून त्याची धार मुलीला लागू नये अशी व्यवस्था करता येते.

अठरा हा आकडा दुसऱ्या बाजूनेही अपुरा आहे, हे अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरने दाखवून दिले. लोकांनी टाकून दिलेली, मतिमंद, मूकबधिर, अंध मुले परतवाड्याजवळच्या इथल्या आश्रमात शंकरबाबा पापळकर यांनी वाढवली आणि बापाच्या जागी आपले नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा पूर्ण झाले की बालगृहातून बाहेर, या नियमाविरुद्ध ते कित्येक वर्षे बोलत आहेत, आणि बेवारस दिव्यांग मुलांना जन्मभर तिथेच राहता यावे असा कायदा मागत आहेत. बोलू न शकणारी, नातेवाईक नसलेली एकोणीस वर्षांची मुलगी रस्त्यावर आली, तर तिच्या वतीने फिर्याद कोण करणार? बाल न्याय कायद्यातली एकविसापर्यंतची अनुरक्षणाची सोय तिच्यासाठी पुरेशी नाही.

जिथे मूल घरापासून लांब आहे तिथे ही कसोटी सर्वांत कठोर असते. मेळघाटातली कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. मुले आश्रमशाळेत राहतात. अशा शाळेत मुख्याध्यापक, अधीक्षक आणि शिपाई हेच पालक, तेच साक्षीदार आणि काही वेळा तेच आरोपी. २०१६ साली बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात एका आश्रमशाळेतला अत्याचार उघड झाला तो मुली दिवाळीच्या सुटीत घरी गेल्यावर, आईबापांशी बोलल्यावर. शाळेच्या आत त्यांना सांगायला माणूस नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवले नाही असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला, तो २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला आणि कळत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, ते आरोपीला वाचवण्यासारखे आहे, असे बजावले. हा निकाल विदर्भातल्या प्रत्येक संस्थाचालकाने वाचायला हवा. पण निकाल वाचून भीती वाटेल ती मोठ्यांना. मुलीला बोलायला जागा त्यातून मिळत नाही. आदिवासी विकास विभागाच्या अमरावतीच्या अपर आयुक्तांच्या हाताखाली धारणी, अकोला या प्रकल्प कार्यालयांच्या आश्रमशाळा येतात. संस्थेशी पगाराचा वा नात्याचा संबंध नसलेली, कोरकू किंवा तिथल्या मुलांची जी भाषा असेल ती बोलणारी एक बाई दर महिन्याला अशा प्रत्येक शाळेत यावी, मुलांशी शिक्षकांच्या गैरहजेरीत बोलावी, आणि तिने काय ऐकले ते थेट जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जावे, एवढी व्यवस्था नवा कायदा न करता, एका परिपत्रकाने आणि थोड्या मानधनाने उभी राहू शकते. मुलांनी दिवाळीची सुटी लागेपर्यंत वाट पाहायला नको.